क्लॉड इंग्लिस

सर क्लॉड कॅव्हेंडिश इंग्लिस (जन्म: डब्लिन, ३ मार्च १८८३, मृत्यू: २९ ऑगस्ट १९७४) हे ब्रिटिश जलअभियंता होते. त्यांच्या सेवेचा मोठा काळ मुंबई इलाख्यात गेला. पुण्याजवळील खडकवासला येथे आज केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र या नावाने ओळखली जाणारी संस्था त्यांच्याच कारकिर्दीत आकाराला आली. नदी, कालवा, धरण किंवा बंदर यांची लहान प्रतिकृती बांधावी, तिच्यात पाणी सोडून प्रयोग करावेत आणि त्यावरून प्रत्यक्ष काम ठरवावे, ही पद्धत भारतात रुजविणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. प्रतिकृती कोणत्या बाबतीत विश्वासार्ह असते आणि कोठे फसवते, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर हाताळला. निवृत्तीनंतर ते ब्रिटनमधील जलसंशोधन केंद्राचे संचालक झाले. १९५३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

प्रारंभीचा काळ

इंग्लिस यांचे शालेय शिक्षण इंग्लंडमधील श्रूझबरी येथे, तर अभियांत्रिकीचे शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात झाले. १९०६ मध्ये ते भारतीय सार्वजनिक बांधकाम खात्यात दाखल झाले आणि मुंबई इलाख्यात रुजू झाले. त्या वेळी सिंध प्रांतही याच इलाख्याचा भाग होता. त्यामुळे वाळवंटातून वाहणारी, गाळाने भरलेली सिंधू आणि खडकाळ पात्रातून पावसाळ्यापुरती उफाळणारी दख्खनची नदी, या दोन्ही एकाच खात्याच्या कारभारात येत. पुढील संशोधनाचे बरेचसे विषय त्यांना या विरोधातूनच मिळाले.

दख्खनचे कालवे आणि बिघडलेल्या जमिनी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुष्काळ निवारणासाठी मुठा आणि नीरा या नद्यांवर कालवे काढण्यात आले. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि बारामतीच्या परिसरात ऊस उभा राहिला. काही वर्षांतच एक अनपेक्षित संकट पुढे आले. बारमाही पाण्यामुळे भूजलाची पातळी चढत गेली, सखल शेते पाणथळ झाली आणि पाण्याबरोबर वर आलेले क्षार जमिनीच्या पृष्ठभागावर साचू लागले. ज्या जमिनीला पाणी मिळावे म्हणून कालवा काढला, तीच जमीन कालव्याच्या पाण्याने नापीक होऊ लागली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील डॉ. हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा या हानीचे स्वरूप स्पष्ट झाले.

१९१६ मध्ये मुंबई सरकारने सिंचनाच्या पद्धती सुधारणे आणि जमिनीचा निचरा करणे यांसाठी एक विशेष सिंचन विभाग स्थापन केला. खडकवासल्याच्या संस्थेचा उगम हाच मानला जातो. या क्षेत्रात इंग्लिस आणि त्यांचे सहकारी व्ही. के. गोखले यांनी केलेले काम महत्त्वाचे आहे. दख्खनमध्ये वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण अशी रचना आढळते. काळी माती पाणी सहसा सोडत नाही. पाणी मुरमाच्या थरातून उताराच्या दिशेने सरकते आणि खालचा खडक जेथे वर उचललेला असतो तेथे ते पृष्ठभागाकडे ढकलले जाते. म्हणून काळ्या मातीत उथळ चर खोदण्याचा फारसा उपयोग होत नाही. चर मुरमापर्यंत पोहोचला पाहिजे आणि तो पाण्याच्या भूमिगत वाटेवरच असला पाहिजे. कोणत्याही सूत्राआधी शेतात खड्डे घेऊन थर पाहावेत, ही शिस्त या कामातून आली. प्रतिकृतींचे संशोधक म्हणून प्रसिद्ध झालेल्या या अभियंत्याची सुरुवात अशी चिखलात झाली होती, ही बाब त्यांच्या चरित्रात सहसा दुर्लक्षिली जाते.

पाण्याची मोजणी

निचऱ्याइतकाच अवघड प्रश्न मोजणीचा होता. कालव्यात किती पाणी सोडले आणि शेतापर्यंत किती पोहोचले हे ठाऊक नसेल, तर पाझर आणि अपव्यय यांविषयी काहीच ठामपणे सांगता येत नाही. इंग्लिस यांनी उसळीच्या तत्त्वावर चालणाऱ्या मोजमाप-पाटाचा अभ्यास करून १९२८ मध्ये त्यावर तांत्रिक निबंध प्रसिद्ध केला. अशा पाटात कालवा एका ठिकाणी अरुंद केलेला असतो. तेथून पाणी वेगाने खाली उतरते आणि पुढे उसळी घेऊन शांत होते. उसळीच्या खालच्या बाजूचा परिणाम वर पोहोचत नसल्याने केवळ वरच्या बाजूची पाण्याची उंची मोजून विसर्ग काढता येतो. महाराष्ट्रातील कालव्यांवर या प्रकारचे मोजमाप-पाट आजही आढळतात.

पावसाचे किती पाणी नदीला मिळते, या प्रश्नावर त्यांनी ए. जे. डिसूझा यांच्यासह पश्चिम भारतातील ५३ मापनस्थळांची आकडेवारी तपासली. त्यातून दोन सूत्रे निघाली. सह्याद्रीच्या घाटमाथ्यासाठी, वार्षिक पाऊस सेंटिमीटरमध्ये घेऊन त्याला ०.८५ ने गुणावे व त्यातून ३०.५ वजा करावेत. दख्खनच्या पठारासाठी पावसाच्या आकड्यातून १७.८ वजा करावेत, उरलेल्या संख्येला पुन्हा पावसाच्या आकड्याने गुणावे आणि २५४ ने भागावे. उत्तर सेंटिमीटरमध्येच मिळते.

दुसऱ्या सूत्राचा अर्थ उदाहरणाने अधिक स्पष्ट होतो. पठारावर ७५ सेंमी पाऊस झाला तर सुमारे १७ सेंमी पाणी वाहून येते. पाऊस ५० सेंमी झाला तर केवळ ६ सेंमीच्या आसपास. म्हणजे पाऊस एक तृतीयांशाने घटला की नदीतील पाणी जवळजवळ दोन तृतीयांशाने घटते. थोड्या कमी पावसातही मराठवाड्यातील तलाव कोरडे का राहतात, याचे बरेचसे उत्तर या गणितात आहे. मात्र हा अभ्यास मुंबई इलाख्याच्या पाणलोट क्षेत्रांपुरता होता. उमरगा आणि संपूर्ण उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने इलाख्याच्या हद्दीबाहेर होता. तेथे हे सूत्र लावताना ते शेजारच्या प्रदेशाच्या अनुभवावरून घेतलेले अनुमान ठरते, हे लक्षात ठेवावे लागते.

घाटातील पंख्याच्या आकाराच्या पाणलोट क्षेत्रांसाठी पुराचा कमाल विसर्ग देणारे त्यांचे सूत्रही अभ्यासक्रमात शिकविले जाते. त्यात चौरस किलोमीटरमधील क्षेत्रफळाला १२४ ने गुणून, क्षेत्रफळ अधिक १०.४ यांच्या वर्गमुळाने भागतात.

हडपसर ते खडकवासला

प्रयोगांची सुरुवात हडपसर येथे मुठा कालव्याच्या पाण्यावर झाली. जागा आणि पाणी दोन्ही अपुरे पडू लागल्यावर १९३४ च्या सुमारास हे काम खडकवासल्याला हलविण्यात आले. तेथे धरणाच्या पायथ्याशी मुबलक पाणी होते आणि ते पंपाशिवाय, केवळ उताराने प्रतिकृतींपर्यंत आणता येत होते. याच जलाशयावर विसाव्या शतकाच्या आरंभी मो. विश्वेश्वरय्या यांनी आपले स्वयंचलित दरवाजे बसविले होते, त्यामुळे खडकवासल्याला जलअभियांत्रिकीतील नव्या प्रयोगांची परंपरा आधीपासूनच लाभली होती.

१९३७ मध्ये हे केंद्र भारत सरकारच्या अखत्यारीत आले आणि इंग्लिस त्याचे संचालक झाले. १९४५ पर्यंत ते या पदावर होते. संस्थेचे नाव या काळात आणि नंतर अनेकदा बदलले. इंग्लिस यांच्याबरोबर काम केलेल्या भारतीय अभियंत्यांमध्ये डी. व्ही. जोगळेकर हे प्रमुख होते. कालव्याच्या उतारपायऱ्यांखाली पाण्याची विध्वंसक ऊर्जा कशी जिरवावी, यावर दोघांनी संयुक्त लेखन केले. जोगळेकर पुढे या केंद्राचे संचालक झाले.

प्रतिकृतीचे गणित

लहान पात्रातील पाणी मोठ्या नदीसारखे वागावे यासाठी विल्यम फ्रूड यांचा नियम पाळावा लागतो. फ्रूड यांनी १८७० च्या दशकात इंग्लंडमधील टॉर्की येथे जहाजांच्या लहान प्रतिकृती कुंडात ओढून हा नियम प्रस्थापित केला. त्यानुसार लांबी शंभरपट लहान केली तर वेग दहापट कमी ठेवावा लागतो, एका तासाचा पूर सहा मिनिटांत येऊन जातो आणि विसर्ग एक लाखपट कमी लागतो.

नदीच्या बाबतीत येथेच अडचण सुरू होते. काही किलोमीटर रुंदीची नदी शंभर किंवा हजारपट लहान केली तर पाण्याची खोली इतकी उथळ होते की प्रवाह खवळत नाही आणि तळाची वाळू हलत नाही. वाळूचा कण त्याच प्रमाणात लहान करू गेल्यास त्याची माती होते आणि मातीचे वागणे वाळूपेक्षा निराळे असते. यावर तोडगा म्हणून उभे माप आडव्या मापापेक्षा मोठे ठेवतात. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये मर्सी नदीच्या मुखाची प्रतिकृती याच रीतीने बांधली होती. परंतु खोली वाढविली की काठ अधिक उभे होतात, वळणे वेगळी पडतात आणि खड्डे नको तेथे तयार होतात. एक गोष्ट खरी ठेवण्यासाठी दुसरी खोटी करावी लागते.

इंग्लिस यांनी ही विकृती लपविण्याऐवजी मोजण्याचा मार्ग घेतला. त्यांच्या पद्धतीत प्रतिकृतीला प्रथम भूतकाळ विचारला जाई. नदीत मागील काही वर्षांत झालेले बदल प्रतिकृतीत पुन्हा घडले, तरच तिला पुढचे विचारायचे. तसे न घडल्यास वाळू, उतार, विसर्ग यांत फेरफार करून पुन्हा आरंभ करायचा. एकाच रचनेच्या निरनिराळ्या प्रमाणांच्या प्रतिकृती करून त्यांचे निष्कर्ष ताडून पाहणे हाही त्यांच्या कामाचा भाग होता. प्रतिकृतीचे उत्तर तसेच्या तसे न घेता नदी ओळखणाऱ्या अभियंत्याने त्याचा अर्थ लावावा, अशी त्यांची भूमिका होती. यामुळे ही पद्धत काहीशी व्यक्तिसापेक्ष होते, हा आक्षेप रास्त आहे. तथापि त्या काळात गाळवाहतुकीचे परिपूर्ण गणित उपलब्ध नव्हते.

हाच पेच आज वेगळ्या ठिकाणी दिसतो. खोल समुद्रात तरंगणाऱ्या पवनचक्क्या उभारण्यापूर्वी त्यांच्या प्रतिकृती लाटांच्या कुंडात तपासल्या जातात. २०११ मध्ये नेदरलँड्समधील मारिन संस्थेच्या कुंडात, अमेरिकेतील मेन विद्यापीठाच्या पुढाकाराने, अशा तीन प्रकारच्या पवनचक्क्यांच्या पन्नासपट लहान प्रतिकृतींवर चाचण्या झाल्या. लाटा, तराफा आणि नांगराच्या साखळ्या फ्रूडच्या नियमाने चालतात. पण पात्यांवरून जाणारा वारा त्या नियमाला जुमानत नाही. लहान पात्यांवर हवेचा चिकटपणा प्रभावी ठरतो आणि पात्यांना मिळणारा रेटा अपेक्षेपेक्षा फार कमी पडतो. म्हणून त्या चाचण्यांत वाऱ्याचा वेग हिशेबापेक्षा वाढवावा लागला आणि नंतरच्या प्रतिकृतींसाठी पात्यांचा आकारच मुद्दाम बदलण्यात आला. इंग्लिस यांना वाळूच्या कणाने अडविले होते, तर येथे अडसर वाऱ्याचा आहे.

सक्कर बंधारा

सिंधू नदीवरील सक्कर येथील लॉइड बंधारा जानेवारी १९३२ मध्ये सुरू झाला. प्रत्येकी ६० फूट रुंदीचे ६६ दरवाजे आणि दोन्ही काठांवरून निघणारे सात कालवे, असा हा त्या काळातील अतिभव्य प्रकल्प होता. लाखो एकर जमिनीचे भवितव्य त्याच्यावर अवलंबून होते. थोड्याच वर्षांत उजव्या काठाच्या कालव्यांमध्ये जाड वाळू शिरून साचू लागली. कालव्यांचा तळ वर येऊ लागला, म्हणजे त्यांची वहनक्षमता घटू लागली. नीरेच्या काठी पाण्याच्या अतिरेकाने जमिनी गेल्या होत्या. येथे पाणीच न पोहोचण्याची भीती होती.

या प्रश्नाचा अभ्यास पुण्यातील प्रतिकृतीवर करण्यात आला. त्यामागील तत्त्व चहाच्या पेल्यात पाहता येते. चहा ढवळला की पत्ती कडेला न जाता तळाच्या मध्यभागी गोळा होते. वळणावरही असेच होते. वरचे वेगवान पाणी बाहेरच्या काठाकडे जाते आणि तळाचे संथ, वाळूने भरलेले पाणी आतल्या काठाकडे सरकते. जेम्स थॉमसन यांनी १८७६ मध्ये नदीच्या वळणांसंबंधी हे स्पष्टीकरण दिले होते. त्यावरून कालव्याचे मुख बाहेरच्या काठावर असेल तर त्यात तुलनेने स्वच्छ पाणी शिरते, आतल्या काठावर असेल तर वाळू शिरते. सक्करला बंधाऱ्यानंतर प्रवाहाची वक्रता उजव्या काठाला प्रतिकूल झाली होती.

त्यावरचा उपाय म्हणजे बंधाऱ्याच्या वरच्या बाजूस नदीत लांब बांध घालून उजव्या कालव्यांसाठी स्वतंत्र, योग्य वक्रतेचा प्रवेशमार्ग तयार करणे. हे काम १९४० च्या आसपास पूर्ण झाले आणि वाळूचा शिरकाव आटोक्यात आला. या व्यवस्थेत बंधाऱ्याचे दहा दरवाजे कायमचे बंद झाले. परिणामी महापूर वाहून नेण्याची क्षमता सेकंदाला १५ लाख घनफुटांवरून सुमारे ९ लाखांवर आली असे मानले जाते. कालवे वाचविताना पुराचा धोका किती पत्करावा, हा प्रश्न बंधाऱ्याच्या पुढील इतिहासातही कायम राहिला. प्रतिकृतीने वाळूच्या प्रश्नाचे उत्तर दिले. कोणता धोका स्वीकारायचा हे ठरविणे तिच्या कक्षेबाहेरचे होते.

पुलांखालचे खड्डे आणि नद्यांची वळणे

बंगालमध्ये गंगेवरील हार्डिंग रेल्वे पुलाच्या उजव्या मार्गदर्शक बांधाला १९३३ मध्ये भगदाड पडले. त्यानंतर या पुलाचा अभ्यास पुण्यात झाला. पुराच्या वेळी खांबाभोवतीची वाळू उपसली जाऊन खोल खड्डा पडतो. पाया त्या खड्ड्याच्या खाली न गेल्यास पूल कोसळतो. हा खड्डा किती खोल असेल, हे शोधण्यासाठी हार्डिंग पुलाच्या खांबाच्या प्रतिकृतींवर प्रयोग करून इंग्लिस यांनी जे सूत्र मांडले, ते जगभरच्या अभियांत्रिकी साहित्यात इंग्लिस-पुणे सूत्र म्हणून नोंदले गेले आहे.

यापुढचा भाग अधिक उद्बोधक आहे. प्रतिकृतीच्या सूत्रावर न थांबता त्यांनी भारतातील १७ प्रत्यक्ष पुलांखालील खड्ड्यांची मोजमापे गोळा केली. त्यांवरून त्यांनी निराळा आणि अधिक सोपा नियम काढला: जेराल्ड लेसी यांच्या सूत्राने नदीची स्थिरावलेली खोली काढावी आणि खांबापाशी पुराच्या पातळीपासून तिच्या दुप्पट खोली गृहीत धरावी. भारतीय रस्ते काँग्रेसच्या संहितेत खांबांसाठी हाच दुपटीचा नियम आला. स्वतःच्या प्रयोगशाळेचे सूत्र हाती असताना प्रत्यक्ष पुलांच्या साक्षीला अधिक वजन देणे, ही संशोधकांत नेहमी आढळणारी गोष्ट नाही.

नद्यांच्या नागमोडी वळणांवरही त्यांनी विस्तृत काम केले. वळणाची लांबी आणि त्याचा पसारा नदीच्या विसर्गाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, असे त्यांनी दाखविले. वर्षभर बदलणाऱ्या विसर्गांपैकी नदीचे रूप घडविणारा असा एक प्रभावी विसर्ग मानता येतो, ही त्यांची कल्पना आजच्या नदीविज्ञानात रूढ झाली आहे.

इंग्लंडमधील कार्य

ब्रिटिश सरकारने त्यांना सी.आय.ई. हा किताब आणि १९४५ मध्ये सर ही पदवी दिली. १९४७ मध्ये ब्रिटनमध्ये जलसंशोधनासाठी नवी सरकारी संस्था स्थापन झाली आणि तिचे संचालकपद इंग्लिस यांच्याकडे आले. त्या वेळी त्यांचे वय ६४ होते. संस्था पुढे वॉलिंगफर्ड येथे स्थिरावली आणि ते १९५८ पर्यंत तेथे संचालक होते. साम्राज्याच्या केंद्रातून वसाहतीकडे ज्ञान गेले, असा समज सर्वत्र असतो. येथे मात्र खडकवासल्यात सिद्ध झालेली कार्यपद्धती उलट दिशेने इंग्लंडला गेली.

नदी आणि कालवे यांच्या वर्तनावरील व नियंत्रणावरील त्यांचा दोन भागांचा ग्रंथ १९४९ मध्ये पुण्याच्या केंद्राने प्रसिद्ध केला. तोपर्यंतचे बहुतेक प्रयोग, फसलेल्या प्रतिकृतींसह, त्यात नोंदलेले आहेत.

इंग्लंडमधील त्यांचे सर्वांत परिचित काम टेम्स नदीच्या मुखासंबंधीचे आहे. लंडन बंदरातील गाळ उपसून तो बोटींनी दूर समुद्राकडे नेऊन टाकला जाई. इंग्लिस आणि एफ. एच. ॲलन यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले की समुद्राचे खारे, जड पाणी तळालगत नदीच्या आत सरकते आणि टाकलेला गाळ आपल्याबरोबर परत आणते. बंदर तोच गाळ पुन्हा पुन्हा उपसत होते. गाळ पाण्यात न टाकता जमिनीवर चढविण्याचा उपाय त्यातून पुढे आला आणि नंतर तो अमलात आणला गेला.

मृत्यू आणि त्यानंतर

इंग्लिस यांचे निधन २९ ऑगस्ट १९७४ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी झाले. त्याआधी, १९७१ मध्ये, खडकवासल्याच्या केंद्राला संयुक्त राष्ट्रांच्या आशियाविषयक आयोगाची प्रादेशिक प्रयोगशाळा म्हणून मान्यता मिळाली होती. आज तेथे धरणांचे सांडवे, नद्या आणि बंदरे यांच्या प्रतिकृती बांधल्या जातात. बंदरांसाठी कृत्रिम लाटांची कुंडे आहेत. संगणकीय प्रतिमाने आल्यानंतरही मोठ्या सांडव्याचा आराखडा पक्का करण्यापूर्वी विटा-सिमेंटची प्रतिकृती बांधून तिच्यावरून पाणी सोडले जाते.